न जुळणारे साडेचार किलो

ताटातलं तेल पाहून भूक लागण्याऐवजी आकडे सुचणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच, आणि ते माझे साडू. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाचे नमुने जाळून त्यांची उष्णता मोजली. निवृत्त झाल्यावर कोळसा सुटला, तसे ते तेला-तुपातल्या मेदाम्लांकडे वळले. पंगतीत वडाभातावर दोन पळ्या फोडणीचं तेल पडलं की यांचा घास हातातच राहतो. "तीस ग्राम धर. पुरं जळलं तर पावणेचार लिटर पाणी उकळते गा," असं ते शेजारच्या अनोळखी पाहुण्याला सांगतात. मी घरी येऊन ताडून पाहिलं, बरोबर होतं. पामिटिक आम्ल तर त्यांचं लाडकं. त्याचे सोळा कार्बन बोटांवर मोजायचे, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होताना सुटणारी उष्णता मिळवायची, आम्ल बनतानाची वजा करायची, आणि ग्रॅममागे एकोणचाळीस किलोज्यूलवर यायचं. तिथवर ऐकणारा सहसा उठून गेलेला असतो. मेहुणी म्हणते, "हे जेवून राहिले का जाळून राहिले, मले तर समजतच नाही, बाई!"

यंदा त्यांनी सकाळचं चालणं सुरू केलं आणि दोन महिन्यांत सहा किलो उतरले. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. एका रविवारी ते आमच्या मनीषनगरच्या घरी आले आणि एक कागद पुढे केला.

"तपासून दे. रोज चार किलोमीटर, साठ दिवस. मेद जळून जळून दीडच किलो जळते. खाणं तर वाढलं माझं. मग साडेचार किलो गेले कुठं?"

मी दोनदा तपासलं. हिशेबात चूक निघावी म्हणून हिशेब तपासण्याची माझी ती पहिलीच वेळ. चूक निघाली नाही. साडूंचा शर्ट खांद्यावरून उतरला होता, ते मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत डॉक्टरांना दाखवलं. रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी कुठल्याच आकड्याकडे धड पाहिलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, थायरॉईड वाढलंय, वजन त्यानेच उतरतंय, गोळ्यांनी आटोक्यात येईल, वेळेवर आलात. आम्ही जिना उतरलो.

खाली चहा घेताना मी जरा रागानेच विचारलं, "आकडा जुळत नाही हे तुम्हाले कधी समजलं?"

"महिना झाला."

"मग काहून नाही सांगितलं?"

साडूंनी कपात पाहिलं. "सांगतच होतो गा. दोनदा सुरुवात केली. तुम्ही लोक हसाले लागले."

हल्ली ते घरी आले की मी टीव्ही बंद करतो. सोळाव्या कार्बनपर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागतात. मध्येच थांबून ते माझ्याकडे पाहतात, मी अजून बसलोय ना म्हणून.