आजची चूक

नेव्येना बोझिलोवाच्या वर्गात मुलं पेंगत नसत, आणि त्यात जादू काही नव्हती. गणिताच्या बाईंकडे असतात तशा तिच्याकडे चार-दोन युक्त्या होत्या, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या. गोंधळ वाढला की ती आवाज चढवायची नाही, उतरवायची. मग ऐकू यावं म्हणून मुलंच एकमेकांना गप्प करत. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली की तिथे जाऊन उभी राहायची आणि तिथूनच शिकवायची. उत्तर बरोबर आलं तरी "खात्री आहे?" म्हणून विचारायची, की निम्मा वर्ग डळमळला. पण हुकमी युक्ती एकच. रोज फळ्यावर ती मुद्दाम एक चूक करायची. कुठे ते सांगायचं नाही. जो पकडेल त्याला तिच्या परसातला एक अक्रोड. सातवीतली मिसरूड फुटू लागलेली मुलंसुद्धा एका अक्रोडासाठी डोळ्यांत तेल घालून बसायची.

पुढेपुढे पोरांना खोडच लागली. बेकरीतल्या पाटीवरचे भाव म्हणू नका, बसचं वेळापत्रक म्हणू नका, सगळीकडे चुका हुडकत फिरायची. पाद्रीबाबांनी तिला एकदा रस्त्यात गाठून सांगितलं, की तुमची पोरं माझ्या प्रवचनातले सनसुद्धा तपासतात, त्यांना जरा आवरा. ती हसली होती. तेव्हा हसायची.

नोव्हेंबरात तिचा नवरा ल्युबेन गेला. अंगणात लाकडं फोडता फोडता दम खायला बसला तो उठलाच नाही. दिवस झाले तशी ती शाळेत हजर. रडली नाही. लोक म्हणाले, बाई कणखर. कणखर कसली? दात काढण्याआधी सुई देतात आणि आपला गाल आपला राहत नाही, तशी ती सबंधच झाली होती. युक्त्या मात्र चालू राहिल्या. युक्त्यांना मन लागत नाही, सवय लागते. फरक एवढाच, की हल्ली फळ्यावर एखाद्या दिवशी दोन चुका निघत आणि त्यांतली एक मुद्दाम केलेली नसे. पोरं ती पण पकडत. ती कोऱ्या चेहऱ्यानं दुसरा अक्रोड काढून देई.

मुख्याध्यापिका वात्सेवा काही आंधळी नव्हती. जूनमध्ये सातवीची परीक्षा, पुढची शाळा कोणती मिळणार ते त्याच गुणांवर. पालक कुरकुरायला लागले होते. तिनं शिक्षकांच्या खोलीत बोझिलोवाला बाजूला घेऊन सांगितलं, की गुरुवारी मी मागे येऊन बसते, आणि मला ठीक वाटलं नाही तर सातवी नव्यानं लागलेल्या शिक्षिकेकडे देते, तू घरी आराम कर. बोझिलोवा बरं म्हणाली. वाईट वाटलं नाही. पण एक तिला ठाऊक होतं. सकाळी गजर होतो आणि ती सातवीसाठी उठते. सातवी नसेल तर ती उठणार नाही. बसची वेळ ठाऊक असावी तितक्या थंडपणे ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ल्युबेनला जाऊन सहा महिने झाले. तिथल्या रीतीनं सहा महिन्यांचं पत्रक लावावं लागतं, गेलेल्याच्या फोटोचं, तारखा-वय छापलेलं, घराच्या दाराला, खांबांना, बस थांब्यावर. छापणाऱ्यानं वय विचारलं, तिनं सांगितलं. नणंदेनं पत्रकं गावभर चिकटवून टाकली आणि त्याच्या नावानं साखर घातलेले उकडलेले गहू शेजारी वाटले.

गुरुवारी शेकडेवारी होती. वात्सेवा मागच्या बाकावर. ठरवलेली चूक कामेननं पकडली, अक्रोड घेतला, सगळं सुरळीत. मग रालित्साचा हात वर. ही पोरगी सगळ्यांत तिखट नजरेची.

"बाई, अजून एक चूक आहे. फळ्यावर नाही पण."

"कुठे?"

"बस थांब्यावर. तुमच्या घरच्या पत्रकावर."

शेजारणीनं तिला कोपर मारलं. मागून कोणी तरी दबक्या आवाजात गाढव म्हणालं. वात्सेवा अर्धी उठली. बोझिलोवानं तिला हातानंच बसवलं.

"काय चूक?"

"जन्म मार्चातला, गेले नोव्हेंबरात. वजा केलं की सहासष्ट येतात. तिथे सदुसष्ट छापलंय."

"खात्री आहे?"

"दोनदा केलं, बाई."

मुद्दाम केली होती, असं म्हणता आलं असतं. पोरांचा विश्वास बसला असता, मागच्या बाकाचाही बसला असता. तिनं खडू उचलला, दोन्ही तारखा मांडल्या, वजाबाकी केली. सहासष्ट. मग रोजचा प्रश्न विचारला: चूक कशी झाली असेल?

कामेन म्हणाला, छापणारा प्यायला असेल, तो नेहमीच पितो. कोणी हसलं नाही.

"नाही," रालित्सा म्हणाली. "ज्यानं केलं त्यानं आजपर्यंत मोजलंय. यंदाचा मार्चपण धरला. पण मेल्यावर वय वाढत नाही, बाई."

मार्चात बोझिलोवानं काहीसुद्धा केलं नव्हतं. वाढदिवसाची तारीख आली ती आठवलीही नव्हती. आकडा तेवढा आत कुठे तरी एकानं पुढे सरकला होता, तिला न विचारता.

"बरोबर," ती म्हणाली. "ही मी मुद्दाम केली नव्हती."

तिनं अक्रोड पुढे केला. रालित्सा घेईना.

"घे. सापडली ती सापडली."

मग तास संपेपर्यंत शेकडेवारी झाली. कोणी पेंगलं नाही.

वात्सेवानं व्हरांड्यात आधी नाक शिंकरलं. "सातवी तुझ्याकडेच राहू दे, नेव्येना. तुझ्या चुका निदान ही कार्टी पकडतात. नव्या पोरीच्या कोण पकडणार? ते पत्रक तेवढं नीट कर, लोक नावं ठेवतील."

ती बरं म्हणाली. हायसं वाटलं नाही. उद्या गजर लावायचा, एवढंच मनात नोंदलं.

संध्याकाळी ती बस थांब्यावर गेली. फोटोत ल्युबेन भाच्याच्या लग्नातल्या कोटात होता, तोच जो त्याला काखेत काचायचा. तिनं तपासायचं लाल पेन काढलं, वहीत मारावी तशी सातावर रेघ मारली आणि शेजारी सहा लिहिला. पेनाला टोपण मात्र काही केल्या बसेना.

बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि येणार का म्हणून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या खांबांवर पण आहेत. चालतच जाते."