गोमुखी घर आणि सूनबाईचा बीआयएम

जळगावातलं आमचं घर गोमुखी आहे. म्हणजे पुढे अरुंद, मागे रुंद, गाईच्या तोंडासारखं. अशा घरात लक्ष्मी टिकते म्हणे. आमच्याकडे ती चहालासुद्धा थांबली नाही, पण मागची खोली ऐसपैस झाली. समोरून उभं राहिलात तर काही कळत नाही. मागे जाऊन टेप धरलात, तर सव्वा फूट जास्त भरतो.

सूनबाई इंजिनिअरिंग कॉलेजात बीआयएम शिकवते. तिनं मला समजावलं, "आई, घर बांधायच्या आधी आख्खं कॉम्प्युटरात बांधायचं. नुसतं चित्र नाही हं. भिंतीला विचारलं तर ती सांगते, माझ्यात विटा किती, सिमेंट किती."

म्हटलं, "बाई, आमचा गवंडी विचारूनही सांगायचा नाही."

पण तिच्या विभागाच्या साहेबांना हा विषय म्हणजे पोरांचा गेम वाटायचा. त्यांनी बजावलं होतं, यंदा बाहेरच्या परीक्षकांना प्रोजेक्ट पटलं नाही तर पुढच्या वर्षी विषय बंद. दोन वर्षं घासून तिनं तो उभा केलेला. पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मग तिनं आमचंच घर पोरांना प्रोजेक्टसाठी दिलं. आम्हाला वरचा मजला चढवायचा होताच. चार जण टेप घेऊन आले. दर्शनी भाग मोजला, एक बाजू मोजली आणि निघाले मागे. मागच्या अंगणात मी खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले. ज्वारी भिजवण्यापासून तीन दिवसांची मेहनत हो ती! मी ओरडले, "मागे पाय टाकाल तर तंगडं मोडीन!" पोरं गुमान परत फिरली. मला वाटलं, काय संस्कारी लेकरं!

परीक्षेच्या दिवशी घरमालकीण म्हणून मलाही बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर आमचं घर गरागरा फिरलं. पंखे, नळ, वरची टाकी, सगळं होतं. "कुठेच काही एकमेकांत घुसत नाही, सर," एक मुलगी ऐटीत म्हणाली. साहेब जांभई देत होते, परीक्षक मान हलवत होते. सूनबाईच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं रंग आला.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पडद्यावरचं घर साबणाच्या वडीसारखं चौकोनी होतं.

गप्प बसले असते तर परीक्षा पार पडली असती. पण त्याच आकड्यांवर आमचा स्लॅब पडायचा होता, आणि तो मागच्या भिंतीपर्यंत पोचणारच नव्हता. तोंड उघडलंच.

"हाई घर आमनं नही शे," मी म्हणाले.

परीक्षक धुळ्याचे. दचकून त्यांच्याही तोंडून घरचीच अहिराणी निघाली, "मंग कोनं शे, अक्का?"

मी बठ्ठं, अगदी सगळं सांगून टाकलं, गोमुखीही आणि बिबडेही. "ह्यांनी मोजलं नाही कारण मी मोजू दिलं नाही. मार्क कापायचे तर माझे कापा."

साहेब खुर्चीत सरसावले. "बघा मॅडम, हेच मी म्हणत होतो!"

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पोरांना म्हणाली, "मागची भिंत अंदाजानं टाकली, हे मला का सांगितलं नाहीत? आता रुंदी बदला. इथेच."

मघाची मुलगी कॉम्प्युटरवर बसली. तिनं मागची रुंदी सव्वा फुटानं वाढवली. आणि काय सांगू, स्लॅब सरकला, सळयांचा आकडा बदलला, आणि मागच्या कोपऱ्यात एक ठिकाण लालभडक झालं. संडासाचा पाइप कॉलमच्या पोटातून चालला होता!

परीक्षक उठून पडद्याजवळ गेले. "हे बांधताना कळलं असतं तर कॉलम फोडावा लागला असता," ते साहेबांना म्हणाले. "याच्यासाठीच तर शिकवायचं. मार्क मात्र कापणार. टेप न लावता भिंत काढली म्हणजे काय?"

मार्क कापले, विषय राहिला. साहेबांनी फक्त एक वर्ष वाढवून दिलं, तेही तोंड वाकडं करून.

परतताना सूनबाई स्कूटी चालवत होती, मी मागे. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा म्हणाली, "आई, निकाल लागल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं ना?"

"तोवर तुला तोंड कसं दाखवलं असतं?" मी म्हटलं.

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मग म्हणाली, "उद्या चौघं पुन्हा येणार आहेत. आख्खं घर मोजायला. चहा तुम्ही करायचा."