जेवले का?

वारासिवनीहून बसनं आलेला तो कॉम्प्युटरवाला बालाघाटच्या आमच्या कचेरीत एकदाच आला. रजिस्ट्रीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या वहीत, काही बदलायच्या आधी तो तिथलं जुनं लिखाण बॉलपेननं तळहातावर उतरवून घ्यायचा. मग नवं लिहायचा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि स्वतःशीच खुदकन हसायचा. आमचे डबे आटोपले तोवर त्याचे दोन्ही तळवे निळे झाले होते.

"मशीन चांगली हाय भाऊ," जाताना तो म्हणाला, "म्या फक्त तिले विचारपूस शिकवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर पासवर्डच्या आधीच पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न होता: जेवले का? खाली एकच बटण, ओके.

बडेबाबूंनी माउसवरचा हात काढून घेतला. "मी त नुसत्या चहावर आलो. खोटं कसं दाबू?" ते घरी जाऊन जेवून आले, तेव्हा कुठं काम सुरू झालं. टायपिस्टबाई तर आधी पडद्याला "हौ, जेवली" म्हणायच्या आणि मगच बटण दाबायच्या. आठवडाभर हसून हसून आमची पोटं दुखली.

शेवटी ती चौकट साहेबांच्या नजरेला पडली. आम्ही अंग चोरून उभे राहिलो. हे कोणाचं काम, तो दुपारभर कसा बसला होता, ते बडेबाबूंनी सांगितलं. साहेबही हसले.

"दुपारभर होता म्हणता. मग तो जेवला होता का?"

त्याला कोणी विचारलंच नव्हतं.