पास्कूचा दोर

चँपियन दमला म्हणून त्यानं बापाचा दोर धरला, असं अर्नाळ्यात बायका कोळंबी सोलता सोलता कुजबुजायच्या. पुरुष कुजबुजत नसत, मोठ्यानंच बोलायचे.

हा चँपियन म्हणजे आमचा सेबेस्टियन. तरणतलावातल्या शर्यतींत त्यानं राज्य गाजवलं. घरातला क्रूस पदकांनी इतका झाकला, की त्याची बायको लुसी करवादायची, "अरे, देवाला श्वास तरी घेऊ दे!" राहिली ती एकच शर्यत. किल्ल्याला वळसा घालून किनाऱ्याला लागायची, समुद्रातली. तो उतरला त्या वर्षी सगळ्यांच्या पुढे होता. सोबतीच्या होडीत पुढच्या टोकाला त्याचा बा पास्कू, सुकाणूवर मी. होडीला किंवा दोराला हात लागला की पोहणारा बाद. किनाऱ्यावरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि सेबेस्टियननं दोर धरला.

पुढे बा होडीत बसायचा हट्ट सोडीना, म्हणून हा त्या शर्यतीत पुन्हा उतरलाच नाही. संध्याकाळी मात्र वाळूत बसून त्याच पाण्याकडे बघत राहायचा.

"काका, बा हाय तोवर तोंड उघडायचं नाय," त्यानं मला बजावलं होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सारं गाव जाणतं. पण हे एवढं मी गिळलं.

पास्कू गेला. यंदा सेबेस्टियनची लेक सॅन्ड्रा त्याच शर्यतीत उतरली. मी सुकाणूवर, पास्कूच्या जागी हा.

"दोरावर का बसलास रे? अंडी उबवतोस?"

"हात शिवशिवतात, काका."

लाट आली, सॅन्ड्राचं डोकं दिसेना. हा ताडकन उठला, दोर हातात. तेवढ्यात पोरगी वर आली नि ओरडली, "पप्पा, खाली बस!"

बसला बिचारा. सॅन्ड्रा दुसरी आली. किनाऱ्यावर ढोल वाजू लागले, तरी हा होडीतच दोर गुंडाळत राहिला.

"काका, आता आपल्याला दोर फेकनारं कोन हाय?"

मी सुकाणू सोडून दोराचं दुसरं टोक धरलं.

आता पास्कू नाही, म्हणून सांगतो. सेबेस्टियन दमला नव्हता. जन्मभर मासेमारी केलेल्या पास्कूला पोहता येत नव्हतं. मुलाचं डोकं लाटेखाली गेलेलं पाहून त्यानं दोर फेकला आणि स्वतः उडी मारायला होडीच्या काठावर पाय ठेवला. त्यानं उडी मारू नये म्हणून सेबेस्टियननं दोर धरला.