तिघांची जागा

आमच्या डिस्पॅचच्या खोलीत त्यांना तोंडावर सगळे दादा म्हणायचे आणि पाठीमागे अर्धा किलो. हे नाव एका खोक्यावरून पडलं होतं. मालाच्या माणसाने खोक्यावर चाळीस किलो लिहून पाठवलं. दादांनी ते जरासं उचलून पाहिलं, भर उन्हात वजनकाट्यापर्यंत स्वतः चालत गेले आणि परत येऊन कागदावर साडेएकोणचाळीस केलं. विमान सत्तर टनांचं होतं. वहिनी सांगायच्या की भाजीवाला यांना लांबून येताना पाहिलं की तराजू पुसायला घेतो.

आमचं काम बाहेरच्या कुणाला फारसं ठाऊक नसतं. विमान सुटण्याआधी त्यात इंधन किती, माणसं किती, माल किती, आणि एवढं सगळं घेऊन ते आजच्या हवेत या धावपट्टीवरून नीट उठेल की नाही, हा हिशेब आम्ही मांडायचा. हवा तापली की विरळ होते. मग पंखांनाही कमी पडते आणि इंजिनांनाही. धावपट्टी तेवढीच राहते, पण उन्हाळ्यात विमानाला ती आखूड पडते.

आमच्या विमानतळाची आणखी एक खोड होती. धावपट्टीच्या एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला मोकळं रान. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. वारा रानाकडून असला की काही प्रश्न नसे. टेकडीकडून असला की त्याच बाजूला उडायचं, आणि ऐनवेळी एक इंजिन बंद पडलं तरी टेकडी ओलांडता आली पाहिजे, म्हणून वजन कमी ठेवायचं. अशा दुपारी आम्ही आधी पार्सलं उतरवायचो, मग माणसं. उतरवलेल्या माणसांच्या शिव्या खाली गेटवरच्या मुली खायच्या, पण आकडा आमच्या टेबलावरून गेलेला असायचा.

माझं टेबल दादांच्या टेबलाला लागून होतं आणि मी काम त्यांच्याकडूनच शिकले. कॉम्प्युटर आला तरी ते आकडा आल्यावर तक्त्यांचं जाडजूड पुस्तक उघडायचे, पारदर्शक पट्टी लावायचे आणि पेन्सिलीने ताळा करायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं की हवामानाचा अहवाल बदलला की आपला आकडा मेला. नवा अहवाल, नवं गणित. नुसतं सांगून थांबणारे ते नव्हते. एकदा लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका बाईला उतरवलं होतं. वीस मिनिटांनी पारा दोन अंश खाली आला. दादांनी पुन्हा गणित केलं आणि फोन लागेना म्हणून जिने उतरून गेटवर पळत गेले. ती बाई बसली. दादा धापा टाकत वर आले आणि दिवसभर खुशीत होते.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो शुक्रवार होता. मला तिथे लागून पाच वर्षं झाली होती.

दादांची थोरली बहीण याच शहरात राहायची. त्यांची आई धाकट्या भावाकडे, विमानाने दीड तासावरच्या शहरात होती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते मंगळवारी नीट पार पडलं होतं, आणि पुढचा महिनाभर आईजवळ राहायला ताई शुक्रवारी दुपारच्या विमानाने निघणार होत्या. त्या तिकीट काढणार होत्या. दादाच म्हणाले, कशाला, सीटा रिकाम्या आहेत, माझा घरच्यांसाठीचा पास आहे. पासवर जाणारा माणूस सगळ्यांच्या शेवटी चढतो आणि वजन कमी करायची वेळ आली तर सगळ्यांच्या आधी उतरतो. हे दादांना जेवढं ठाऊक होतं तेवढं दुसऱ्या कुणाला असणार.

शुक्रवारी बाराच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. आईला सकाळपासून दम लागत होता, आता अतिदक्षता विभागात हलवलं होतं, लवकर या म्हणाला. दादांनी फोन ठेवला आणि मला एवढंच सांगितलं की ताई दोन-चाळीसने जाते आहे ते बरं झालं; मी ड्युटी संपवून उद्या पहाटेच्या विमानाने जाईन.

त्या दिवशी एक्केचाळीस अंश होते आणि वारा टेकडीकडचा. पलीकडच्या शहरावर ढग होते, म्हणून वेळ पडल्यास तिसऱ्याच विमानतळावर जाता येईल एवढं जादा इंधन घेणं भाग होतं. दादांनी गणित केलं. सहाशे ऐंशी किलो जास्त होत होतं. चारशे किलोची पार्सलं उतरवली. उरले दोनशे ऐंशी, म्हणजे सामानासकट तीन माणसं. पासवर तीनच माणसं होती, आमच्याकडचे एक निवृत्त मेकॅनिक, त्यांची बायको आणि ताई.

दादांनी तो कागद माझ्याकडे सरकवला आणि वेगळा हिशेब करून बघायला सांगितलं. माझाही आकडा तोच आला.

सकाळी ड्युटी मॅनेजर आमच्या खोलीत डोकावून गेले होते. प्रवाशांची यादी बघून म्हणाले होते, "आज घरचं माणूस आहे म्हणे. मग काय, वजन बसेलच." आम्ही दोघं-तिघं हसलो होतो. मीही हसले होते. दादा हसले नव्हते.

गेटवर दादांनी स्वतः कळवलं. पाच मिनिटांत ताईंचा फोन आला. दादा हळू आवाजात बोलत होते. वजन बसत नाही, उद्या सकाळी आपण दोघं बरोबर जाऊ, असं समजावत होते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादा म्हणाले, नाही, काहीच करता येणार नाही. तेव्हा सव्वादोन वाजले होते, आणि तोपर्यंत ते खरं होतं.

दोन-पंचवीसला नवा अहवाल आला. टेकडीकडचा वारा पडला होता आणि उलट दिशेने, रानाकडून वाहायला लागला होता. प्रिंटरमधून कागद मीच ओढून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. पट्टी हाताशी होती, पुस्तक उघडं होतं. त्यांनी काहीही केलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला. "टॉवरने रानाकडची बाजू दिलीय. आमच्या हिशेबाने आता नऊशे किलो तरी जागा निघते. ती तिघं अजून गेटवर असतील तर पाठवा, दरवाजा उघडाच आहे."

खोलीत आम्ही चौघं होतो. मॅनेजर दारातच उभे होते, दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. त्यांचं इकडे लक्षही नव्हतं बहुधा. दादांनी माईक उचलला.

"नको. कागद पुन्हा करावे लागतील, उशीर होईल. आहे तसंच काढा."

कॅप्टन ठीक म्हणाले. दरवाजा बंद झाला. विमान धावपट्टीच्या तोंडाशी गेलं आणि एक विमान उतरायचं होतं म्हणून तिथे अकरा मिनिटं उभं राहिलं. नवे कागद करायला आम्हाला सात मिनिटं लागली असती. त्या अकरा मिनिटांत दादा खिडकीपाशी उभे होते. मी माझ्या टेबलाशी बसून होते. सांगायला सोपं आहे की मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

विमान चार वाजून पंचवीस मिनिटांनी पोचलं. तिथून हॉस्पिटल अर्ध्या तासावर होतं. आई पावणेसहाला गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि धाकट्या सुनेला दोनदा विचारलं होतं, ताई आली का.

दुसऱ्या दिवशी पहाटे बहीणभाऊ शेजारी शेजारी बसून गेले. त्या वेळी मात्र दादांनी पूर्ण भाड्याची तिकिटं काढली.

पुढचं मला दादांनी नंतर सांगितलं. भावाच्या घरी माणसं जमली होती. ताई काल का पोचली नाही असं मावशीने विचारलं तेव्हा दादांनी तोंड उघडायच्या आत ताईच बोलल्या. विमानाला वजन झेपत नव्हतं, त्याला हा काय करणार, म्हणाल्या. स्वतःच्या बहिणीला उतरवलं, पण कामात खोट येऊ दिली नाही. मामांनी दादांच्या पाठीवर हात ठेवला. दादा सांगत होते, त्या हाताखालून उठून जावंसं वाटलं, आणि ते तसेच बसून राहिले.

परत आल्यावर ते कामात चुकले नाहीत. उलट अतीच करायला लागले. विमान हललं तरी नवा अहवाल आला की गणित मांडायचे, रेडिओवरून वैमानिकांना आकडे सांगायचे. वैमानिक वैतागायचे. वर्षभराने त्यांनी स्वतःहून अर्ज देऊन प्रशिक्षणाच्या वर्गात बदली करून घेतली. तिथे नव्या मुलामुलींना तक्ते शिकवत राहिले.

एकदा दुपारी कँटीनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी धीर करून म्हटलं की त्या दिवशी मी काहीतरी बोलायला हवं होतं.

ते म्हणाले, "तू बोलली असतीस तर मी तुला गप्प केलं असतं." मग चहाचा कप बाजूला सारला. "परक्या बाईसाठी मी जिने उतरून पळालो. ताई होती म्हणून जागचा हललो नाही. नियम आड आला असता तर गोष्ट वेगळी होती. नियम तर म्हणत होता, घ्या. मला फक्त ते हसणं नको होतं."

मी मान खाली घातली. त्या हसणाऱ्यांत मीही होते.

ताईंना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. ताई मात्र ती गोष्ट जिथे तिथे सांगत राहिल्या. शेजारणींना, नातेवाइकांना, मुलांच्या मास्तरांना. भावाचं कौतुक करायची त्यांना एकही संधी पुरेशी वाटत नसे. सहा वर्षांनी त्यांच्या मुलाचं लग्न झालं, आणि एका रविवारी जेवताना त्यांनी ती नव्या सुनेला सांगितली. दादा समोर बसले होते. सून भारावल्यासारखी त्यांच्याकडे बघायला लागली. दादांनी हातातला घास ताटात ठेवला.

जेवणं झाल्यावर ताई वाळलेले कपडे घड्या करत आतल्या खोलीत बसल्या होत्या. दादा तिथे गेले, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. दोन-पंचवीसचा अहवाल, कॅप्टनचं विचारणं, आपलं नको म्हणणं, मॅनेजरचं सकाळचं बोलणं, सगळं. काही लपवलं नाही.

ताई ऐकत होत्या तोवर त्यांचे हात चालूच होते. एक चादर पूर्ण घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली.

"म्हणजे मी गेटवर बाकावर बसले होते, तेव्हा जागा होती," त्या म्हणाल्या.

"होती."

"मी तिथे पाऊण तास बसून होते. विमान सुटेपर्यंत. वाटलं, कुणी बोलावेल."

 दादांनी माफी मागितली. ताई म्हणाल्या, माफीचं राहू दे. मग त्या जे बोलल्या ते दादांनी मला शब्द न बदलता सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

"सहा वर्षं मला वाटत होतं की इलाजच नव्हता. त्यावर मी झोपत होते रे. तुला सांगून मोकळं व्हायचं होतं, झालास. मी आता कुणाला सांगू?"

त्या रागावल्या नाहीत, बोलणं टाकलं नाही. दादांना वाटतं, टाकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ती गोष्ट सांगणं फक्त बंद केलं. सुनेने एकदा पाहुण्यांसमोर विषय काढला तेव्हा ताई उठून पाणी आणायला गेल्या.

दादा निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही छोटा समारंभ ठेवला होता. ताई आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या. भाषणात ड्युटी मॅनेजर, आता ते बरेच वरच्या जागी गेलेत, म्हणाले की या माणसाने सख्ख्या बहिणीलाही सवलत दिली नाही. टाळ्या वाजल्या. मी मागे वळून पाहिलं. ताई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून समोर बघत होत्या. दादा व्यासपीठावर उभे होते आणि त्यांना त्यानंतर चार वाक्यंही धड बोलता आली नाहीत. सगळ्यांना वाटलं, गहिवरून आलं असेल.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. तब्येत ठीक आहे. सकाळी फिरायला जातात, वहिनींना भाजी निवडायला मदत करतात. मी ताईंची चौकशी केली. म्हणाले, दर रविवारी फोन येतो. गुडघ्यांचं सांगते, नातवाच्या शाळेचं सांगते, वरच्या मजल्यावरचा नळ गळतो त्याचं सांगते. वीस-वीस मिनिटं बोलतो आम्ही.

मग म्हणाले, "आईचं नाव मात्र आम्ही दोघंही काढत नाही."

वहिनींनी आतून चहा झाल्याचं सांगितलं, आणि ते उठून कप आणायला गेले.