‘कट’नंतरचे काका

टाळेबंदी लागली आणि ताईचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. ताई सिनेमाची संकलक. टेबलाच्या एका टोकाला तिचा संगणक, दुसऱ्या टोकाला भाजी निवडत बसलेला नवरा. शहर बंद पडण्याआधी शूटिंग उरकलेला एक सिनेमा तिच्या हातात होता आणि दिग्दर्शक फोनवरून डोकं खात होता. दुसऱ्यांनी जिवापाड मेहनतीनं जमवलेलं कापून टाकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.

सिनेमात आजोबांची छोटीशी भूमिका होती. ती करणाऱ्या नटाला सगळे काका म्हणत. ताई त्यांना कधी भेटली नव्हती, पण रोज बघून बघून त्यांच्या पापण्यांची उघडझापही तिला पाठ झाली होती. एका सकाळी कळलं, काका कोरोनानं दवाखान्यातच गेले. घरच्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

थोड्या दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"ताई, बाबांचं काही आहे का तुमच्याकडे? सिनेमातलं नको. त्यात ते दुसऱ्याच कुणाचे तरी आजोबा आहेत."

प्रदर्शनाआधी एक तुकडाही बाहेर द्यायचा नाही, असा नियम. ताईनं दिग्दर्शकाला विचारलं.

"तू मला विचारलंच नाहीस असं समज," तो म्हणाला.

मग तिनं टाकून दिलेलं सगळं पुन्हा उघडलं. ‘ॲक्शन’च्या आधीचं, ‘कट’च्या नंतरचं. काका सदऱ्याला चष्मा पुसतायत. वाक्य विसरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत. कप नाकाशी धरून विचारतायत, "हा चहा आहे, की चहाची नुसती आठवण?" ताईला हसू आलं आणि लगेच पुढचं दिसेना. नवरा ओल्या हातांनी मागे येऊन उभा राहिला.

"यातलं काय कापणार?"

"काही नाही," ती म्हणाली आणि सगळं तसंच काकांच्या मुलीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"आईनं पाहिलं. म्हणाली, तिथे यांना कुणी कंगवा नाही का दिला?"

दोघी हसल्या आणि हसता हसता दोघींनाही रडू फुटलं. तेवढ्यात आईनंच फोन घेतला.

"शेवटी ते खुर्चीत झोपलेत ना, तेवढंच पुन्हा कसं लावायचं, सांगता का जरा?"

ताईनं सावकाश, एकेक बटण करत सांगितलं.