मामाचं झोपेचं औषध

माझा मामा दारू पीत नव्हता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आता ऐकणारे फारसे उरले नाहीत, तरी लिहून ठेवतो.

सन तीसच्या पुढेमागे मी रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मामा खाडीपलीकडच्या गावच्या मचव्यावर तांडेल होता; ती शिडाची होडी तोच हाकी. मामी गेली आणि त्याची झोप उडाली. डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं, पंधरा दिवसांपुरतं. लांबच्या गावचे रोगी पुन्हा स्वतः येत नसत; रिकामी बाटली पाठवत आणि आम्ही 'आधीचंच' भरून देत असू. मामाची बाटली मीच आणी, मीच भरी, वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टीही मीच चिकटवी. डॉक्टरांना पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षं गेली.

मामाची जीभ जड झाली. चालताना झोक जाऊ लागला. भरती किती वाजता, हे तो विचारी आणि घटकेने पुन्हा विचारी. दोराची गाठ बसेना.

"हात माझा ऐकत नाय रे," तो मला म्हणाला.

"वय झालं, मामा."

तो पंचेचाळीसचा होता.

खलाशी हसत. "काय तांडेल, आज माडी गोड होती की आंबट?"

हंगामाआधी गाव देवळात जमला. मचवा मामाकडे ठेवायचा का, म्हणून देवाला कौल लावला. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर ठेवायचा. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी दुसऱ्या एका रोग्याची अशीच जड झालेली जीभ पाहून हेच औषध बंद केलं होतं, माझ्यादेखत. तरी मी खांबाला टेकून गप्प राहिलो. बोललो असतो तर नोकरी गेली असती.

डावी कळी पडली.

त्यानंतर मी बाटलीतलं औषध गुपचूप कमी करत नेलं. दोनेक महिन्यांत मामाचा हात पुन्हा ऐकू लागला, बोलणं सुटं झालं.

"सोडलीस, बरं केलंस," गावकरी म्हणत.

"पीतच नव्हतो, तर सोडू काय?" तो म्हणे, आणि ते हसत.

एकदा चारचौघांत तो माझ्याकडे वळला. "तू दवाखान्यातला माणूस. तू सांग यांना."

"जाऊ दे ना, मामा," मी म्हणालो. "आता बरा आहेस ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मचवा त्याला परत मिळाला नाही.